एकशे सतरा नंबरची शेंग

मुदखेड स्टेशनच्या रस्त्यावर लालमहंमदचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. एक काचेची पेटी, तिच्यामागं स्टूल, भिंतीवर बंद पडलेली सात-आठ घड्याळं आणि एक चालू. चाळीस वर्षं तो तिथं बसत होता. आता लोक येत ते बहुतेक सेल बदलायला. चावीचं घड्याळ महिन्याकाठी एखादं यायचं, तेही कुणाच्या तरी आजोबांचं.

ऋतुजा आली तीही सेल बदलायलाच. दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पोरगी मूळची लातूरची. नांदेडला विद्यापीठात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. तिची गाडी दीड तास उशिरा होती, म्हणून सेल बदलून झाल्यावरही ती समोरच्या बाकड्यावर बसून राहिली. त्या दीड तासात लालमहंमदनं डोळ्याला भिंग लावून एका जुन्या घड्याळाची केसासारखी स्प्रिंग सरळ केली. रस्त्यात दोन रिक्षावाल्यांची भांडणं झाली. झेंडूनं भरलेला एक टेम्पो फाटकाला अडकून कितीतरी वेळ हॉर्न वाजवत राहिला. लालमहंमदनं मान वर केली नाही.

"चाचा," ऋतुजा म्हणाली, "तुमच्यासाठी एक काम आहे. घड्याळाचं नाही. खारींवर नजर ठेवायची."

त्यानं भिंग काढलं. "खारी? झाडावरच्या?"

"हो. त्या शेंगा कुठं पुरतात, कधी पुरतात आणि पुन्हा काढायला येतात का, ते मिनिटानिशी लिहायचं. कॉलेजातली दोन पोरं ठेवून बघितली. ती मोबाइल बघत बसतात आणि संध्याकाळी मनानं लिहितात."

"मनानं लिहायचं मला बी जमत न्हाई," लालमहंमद म्हणाला.

घरी त्यानं बायकोला, बेगमबीला, सांगितलं, तर ती हसत सुटली. "या उमर में गिलहरी गिनते बैठोगे?" मग तिनंच त्याची जुनी शाल शोधून काढली, कारण शेतात सकाळी गारवा असतो.

शेत सटवाजीचं. गावापासून कोसभर. बांधावर अकरा चिंचा, मध्ये एक कडुनिंब, खाली दगडी विहीर. ऋतुजानं दोन महिने फिरून ही जागा शोधली होती. थंड मुलखातल्या खारी बर्फ पडायच्या आधी दाणे पुरून ठेवतात आणि पुढं महिनोन्‌महिने काढून खातात, हे पुस्तकांतून भरपूर लिहिलेलं होतं. आपल्या पट्टेवाल्या खारीविषयी मात्र तिला कुठं फार काही सापडलं नव्हतं. ही खार शेंगा पुरते, हे तिनं स्वतः बघितलं होतं. पुरलेलं ती आठवणीनं काढते, की पुरून विसरते, एवढंच तिला शोधायचं होतं.

सटवाजीला यातलं काही पटलं नाही. "आमचा भुईमूग त्या फुकट खातेत, अन् तुमी त्यांला आणखी शेंगा चारायलाव?" असं म्हणून तो हसला, पण बसायला बाज दिली आणि विहिरीचं पाणी प्यायला ना म्हणाला नाही.

कामाची रीत ऋतुजानं पहिल्याच दिवशी सांगितली. प्रत्येक शेंगेवर नंबर घालायचा. लालमहंमदनं तीन केसांचा कुंचला केला आणि लाल नेलपॉलिशनं दोनशे शेंगांवर नंबर लिहिले, इतके बारीक आणि सुबक की ऋतुजानं त्यांचे फोटो काढले. शेंगा सकाळी कडुनिंबाखाली पसरायच्या. मग लांब बाजेवर बसून दुर्बिणीतून बघायचं. खारीनं शेंग पुरली की वेळ लिहायची, आणि दुपारी खारी वर सुस्तावल्या की दोन झाडांपासून त्या जागेचं अंतर टेपनं मोजायचं.

"आणि एक," ती म्हणाली. "खड्ड्याला हात लावायचा नाही. मांजर खारीवर आलं तरी हुसकायचं नाही. आपण तिथं नाहीच, असं धरून चालायचं. फक्त बघायचं."

"बघतो," लालमहंमद म्हणाला. त्याला त्यात अवघड काही वाटलं नाही.

पहिल्या आठवड्यात त्याला सगळ्या खारी सारख्या दिसल्या. दुसऱ्या आठवड्यात तीन वेगळ्या ओळखू आल्या, आणि महिन्याभरात नऊच्या नऊ. एकीचा कान फाटलेला, एकीच्या पाठीचा मधला पट्टा तुटक. एकीला शेपूटच नव्हती. बुडाशी बोटभर झुबका राहिला होता. तिला तो बांडी म्हणू लागला. बांडी इतरांपेक्षा जास्त पुरायची. शेंग तोंडात धरून आधी दोनदा इकडंतिकडं धावायची, मग पुढच्या पायांनी माती उकरायची, शेंग नाकानं आत दाबायची आणि वरून पाला ओढून घ्यायची. सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचं काम.

पुरलेलं टिकायचं कमी. सातभाई पक्ष्यांचा थवा पाला उलथून जायचा, उंदीर काढायचे, आणि सगळ्यात जास्त काढायच्या त्या दुसऱ्या खारीच. लालमहंमदनं वहीत एकदा लिहिलं, 'चोरी'. ऋतुजानं तो शब्द खोडला.

"चोरी नाही चाचा. 'दुसरीनं काढली' असं लिहा."

"फरक काय झाला?"

"चोरी म्हटलं की आपण एकीच्या बाजूनं झालो."

त्याला ते पटलं. पुढं तो तसंच लिहीत गेला. खार येऊन उकरायची आणि आत काही नसायचं, त्यालाही तो नंबर घालून 'रिकामा' लिहायचा. ऋतुजा आठवड्यातून दोनदा यायची, वही चाळायची आणि सापडलेल्या शेंगांच्या नोंदी आपल्या लॅपटॉपवर उतरवून घ्यायची.

जानेवारीत सटवाजीच्या खळ्यातल्या बोक्यानं बांडीला धरलं. लालमहंमदनं ते दुर्बिणीतून पाहिलं. ती सुटली, पण मागचा डावा पाय ओढत झाडावर गेली. त्यानं वेळ लिहिली. जागचा हलला नाही. त्या दिवशी त्यानं डबा तसाच परत नेला. बेगमबीनं विचारलं तर "भूक नै" एवढंच म्हणाला.

बांडी पाच दिवस खाली आली नाही. सहाव्या दिवशी आली ती वाळलेली, लंगडत. कडुनिंबाखालच्या शेंगांपर्यंत पोचायच्या आत दुसऱ्या खारी तिला हुसकून लावायच्या. मग ती बांधावर एकेक जागा उकरू लागली. एक उकरली, रिकामी. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. सगळ्या रिकाम्या. लालमहंमदनं पाचही लिहिल्या.

त्याच दिवशी दुपारनंतर, चार पन्नासला, फाटक्या कानाच्या खारीनं विहिरीजवळची शेंग काढली. बांडीनं एकोणीस दिवसांपूर्वी पुरलेली, नंबर एकशे सतरा. खाऊन तिनं टरफल तिथंच टाकलं. लालमहंमदनं पेन्सिल उचलली आणि पाहिलं, तर विहिरीच्या काठावर बांडी बसलेली होती. ती त्या बाजूला बघत होती की दुसरीकडं, हे दुर्बिणीतूनही सांगता आलं नसतं. त्यानं पेन्सिल खाली ठेवली. अंधार पडायच्या आत उठून ते टरफल उचललं, कागदाच्या पुडीत बांधलं आणि सदऱ्याच्या खिशात टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा अर्धा तास आधी शेतावर गेला. एका नव्या शेंगेवर त्यानं एकशे सतरा लिहिलं. नंबर का लिहिला, हे त्यानं पुढं स्वतःला बऱ्याचदा विचारलं. सवय, एवढंच उत्तर मिळायचं, आणि ते काही खरं वाटायचं नाही. विहिरीजवळच्या त्या खड्ड्यात त्यानं शेंग ठेवली, माती लोटली, वरून पाला सरकवला आणि बाजेवर जाऊन बसला.

आठ वाजून बारा मिनिटांनी बांडी आली. चिंचेवरून उतरली ती सरळ विहिरीकडं गेली, तिथंच उकरलं, शेंग काढली आणि दगडावर बसून खाल्ली. त्यानं लिहिलं: '८.१२. क्र. ११७. बांडी. काढली, खाल्ली.'

यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त आदल्या दिवसाची एक ओळ वहीत नव्हती.

दोन दिवसांनी ऋतुजा आली. ती नोंद तिनं तीनदा वाचली. "वीस दिवस! आणि सरळ तिथंच गेली? शोधलं नाही?"

"न्हाई. सरळ गेली."

"चाचा, हेच पाहिजे होतं." ती उठून विहिरीपर्यंत गेली, दगडावरचं टरफल तिनं चिमट्यानं उचलून डबीत ठेवलं. सटवाजी गवताचा भारा घेऊन चालला होता. त्याला थांबवून तिनं सगळं सांगितलं. सटवाजी म्हणाला, "आमच्या म्हशीला रोजचा गोठा आठवत न्हाई, अन् हिला शेंग आठवली!" लालमहंमद दुर्बिणीची काच पुसत राहिला. तेव्हाच सांगायचं, असं त्याच्या मनात आलं होतं. ती इतकी खुशीत होती की त्याला तोंड उघडवेना. उद्या सांगू म्हणाला आणि उद्याचं परवा झालं.

फेब्रुवारीत लातूरला एका कॉलेजात परिसंवाद होता. ऋतुजा तिथं बोलणार होती. तिनं लालमहंमदला सोबत नेलं, म्हणाली, "काम तुमचं आहे, लोकांनी तुम्हाला बघू दे." बेगमबीनं त्याची ठेवणीतली शेरवानी काढली, ती त्यानं परत पेटीत ठेवली आणि साधा सदरा घातला.

सभागृहात दीड-दोनशे माणसं होती. पडद्यावर सटवाजीचा बांध आला, अकरा चिंचा आल्या, मग एक टरफल आलं, भिंतीएवढं. त्यावर त्याच्या हातचं एकशे सतरा. ऋतुजा म्हणाली, "एका नोंदीवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला माहीत आहे. पण ही नोंद ज्यांनी केली, ते घड्याळजी आहेत. त्यांच्या वहीत मिनिटाचीही चूक सापडत नाही." लोकांनी मागं वळून बघितलं आणि टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईनं त्याला हात जोडून नमस्कार केला. त्यानंही हात जोडले.

परतीची एसटी दुपारी दोनची होती. ऋतुजा खिडकीशी बसली आणि खूप वेळ बोलत राहिली. तिचे सर काय म्हणाले, पुण्याच्या कुणी काय विचारलं, हे सगळं. अहमदपूर मागं पडलं तेव्हा ती थांबली. लालमहंमदनं खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

तिनं उघडून बघितलं. टरफल. नंबर एकशे सतरा.

"हे तर माझ्या डबीत आहे."

"तुमच्या डबीतलं दुसरं हाय. हे पहिलं." मग त्यानं सगळं सांगितलं. फाटक्या कानाची खार, चार पन्नासची वेळ, सकाळी लिहिलेला नवा नंबर. सांगताना त्यानं काही गाळलं नाही.

गाडी एका थांब्याला उभी राहिली. दोन बाया टोपल्या घेऊन चढल्या. गाडी निघाली. मग ऋतुजानं विचारलं, "किती खोल ठेवली?"

"बोटाचं एक पेर."

"उघड्या हातानं?"

"हाव."

"म्हणजे तिला वास आला असणार. ताज्या शेंगेचा, नाहीतर तुमच्या हाताचा." तिनं पुडी पुन्हा बांधली. "का केलंत?"

"पाच खड्डे उकरले हो तिनं. पाची रिकामे. सहावा बी रिकामा हाय, हे मला माहीत होतं. तिला न्हाई. मला बघवलं न्हाई."

"मी तुम्हाला बघायलाच ठेवलं होतं, चाचा."

नांदेडला उतरताना ती म्हणाली, "उद्यापासून शेतावर जाऊ नका. मी कळवते." वही तिनं मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी लालमहंमदनं दुकान उघडलं. बेगमबीला त्यानं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एक फल्ली च तो दिये ना तुम. किसीका गला तो नै काटे."

"वो छोकरी की तीन साल की मेहनत है," तो म्हणाला. "मेरे को बोली थी हात मत लगाओ. मैंने हात लगाया."

"फिर बोल बी तो दिये."

"देर से बोला."

बेगमबीनं त्याच्यापुढं ताट सरकवलं.

आठ दिवसांनी ऋतुजा दुकानात आली. डोळे सुजलेले होते. झोप झाली नसावी. आधीच तिनं सांगून टाकलं की सरांना खरं काय ते सांगितलं, परिसंवादवाल्यांना पत्र लिहून ती नोंद मागं घेतली. सर रागावले नाहीत, पण दोन दिवस तिच्याशी बोललेही नाहीत. मग तिनं वही काचेच्या पेटीवर ठेवली आणि मध्येच उघडली.

"हे बघा. तुम्ही सगळीकडं 'रिकामा' लिहिलंय. मी ते कधी मोजलंच नव्हतं. मला वाटायचं, शेंग सापडली नाही म्हणजे ती नोंद वाया गेली." तिनं बोट ठेवलं. "बांडीनं त्या दिवशी उकरलेले पाच खड्डे. नकाशावर लावून बघितले. चार तिचेच निघाले. दुसऱ्यांनी आधीच रिकामे केलेले. आत शेंग नाही, म्हणजे शेंगेचा वास नाही. तरी ती तिथं आली."

लालमहंमदनं चष्मा लावून ती ओळ वाचली, जणू दुसऱ्या कुणाची असावी.

"सगळी वही तशी लावली," ती म्हणाली. "बांडीनं उकरलेले रिकामे खड्डे एकतीस. त्यातले बावीस तिनं स्वतः पुरलेले."

"मंग तिला आठवतंय?"

"अजून म्हणता येत नाही. उकरलेल्या मातीलाच वास असेल तर? ते तपासायला पाहिजे." तिनं पिशवीतून रबरी हातमोज्यांचा डबा आणि एक चमचा काढला. "आपण वीस खड्डे करायचे. खारीसारखेच, तेवढेच खोल. आत काही ठेवायचं नाही. बुजवायचे आणि बघत बसायचं. येणार का?"

"मी?"

"तुमच्याएवढं बारीक काम दुसऱ्या कुणाच्या हातून होणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि आता तुम्ही पुन्हा तसं करणार नाही, हे मला माहीत आहे. नवीन माणसाचं मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं हातमोजे घालून वीस खड्डे केले. सटवाजी बांधावर उभा राहून बघत होता. "चाचा, काईच न ठेवता बुजवून राहिले की."

"काई ठेवायचंच न्हाई, सटवाजी."

सोळा दिवस दोघांनी पाळीपाळीनं पाहिलं. विसातल्या दोनच खड्ड्यांना खारींनी तोंड लावलं, त्यातही बांडी नव्हती. बांडीची चाल आता सुधारली होती. ती आपल्या जुन्या जागा उकरत राहिली, बहुतेक रिकाम्या, कधीमधी एखादी शेंग. एकदा फाटक्या कानाच्या खारीनं तिच्या तोंडातली शेंग ओढून नेली. लालमहंमदनं लिहिलं, 'दुसरीनं घेतली.'

होळी झाली आणि चिंचा उतरवायची वेळ आली. ठेक्यानं झाडं घेतलेल्या माणसाचे मजूर काठ्या घेऊन वर चढले, खाली ताडपत्र्या अंथरल्या गेल्या. खारी पलीकडच्या आमराईत पांगल्या. त्या गडबडीत बघण्यासारखं काही उरलं नाही आणि काम तिथंच थांबलं. पुढं मृगात लालमहंमद सहज एकदा शेतावर गेला तेव्हा सहा खारी परत आलेल्या दिसल्या. बांडी नव्हती.

"मेली असंल," सटवाजी म्हणाला.

"ते म्हाईत न्हाई. दिसली न्हाई, एवढंच."

ऋतुजाला प्रबंध संपवायला आणखी सव्वा वर्ष लागलं. लिहिताना तिनं एकदा फोन करून विचारलं होतं, "एकशे सतराबद्दल एक परिच्छेद टाकावा लागेल. तुमचं नाव नाही लिहिलं तरी चालेल. नुसतं 'निरीक्षक' लिहिते."

"नाव लिहा," तो म्हणाला. "आभारात माझं नाव टाकणार हाव ना? मंग तिथं बी टाका."

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी बाकी सगळं सोडून तोच परिच्छेद उघडला आणि अर्धा तास त्यावरच विचारलं. ऋतुजानं जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. खारीला काही आठवडे तरी जागा आठवते असं दिसतं, यापलीकडं ती गेली नाही. बाईंनी शेवटी मान डोलावली.

संध्याकाळी तिनं मुदखेडला फोन लावला. लालमहंमदसमोर एक गिऱ्हाईक उभं होतं, म्हणून फोन बेगमबीनं घेतला. तिनं सगळं ऐकून घेतलं, मुबारकबाद दिली आणि विचारलं, "अब क्या गिनेगी बेटी तू?"

ऋतुजा हसली. माहूरच्या जंगलात मुंग्या बी वाहून नेतात, त्याचं बघायचं आहे, म्हणाली. बेगमबीनं फोनवर हात ठेवला आणि नवऱ्याला हाक मारून सांगितलं. लालमहंमदनं गिऱ्हाइकाच्या घड्याळाचं झाकण बसवलं, मग म्हणाला, "पूछो, मुंगी पे नंबर कैसा डालते."